पाणी तयार नाही

रावेर,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

कुंदन यांस,

मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. इकडे आबा, आई, डिंपल आणि मी ठीक आहोत. तुमची तब्येत बरी असेल. धुळ्याला पाऊस कसा आहे? इकडे पंधरा दिवस नुसतं आभाळ भरून येतं आणि जातं. आबांनी केळीचं ठिबक पुन्हा सुरू केलं.

पत्र पाहून नवल वाटेल. पण आपल्या घरी फोन स्पीकरवर लावून सगळ्यांच्या मध्ये ठेवतात, हे तुम्हाला माहीत आहे. मेसेज करावा तर डिंपल तो मोठ्याने वाचते. पहिलीत गेल्यापासून तिला दिसेल ते वाचायचा नाद लागलाय. शेजारचा वना मंगळवारी पिकअप घेऊन धुळ्याला येतोय, त्याच्याकडे पाकीट बंद करून देते.

समुद्री माशांच्या टाकीचं सांगते. तुम्ही गेल्याला आज एकोणीस दिवस झाले. तुम्ही लिहून दिलेला कागद मी टाकीच्या मागच्या काचेला चिकटवला आहे आणि त्याप्रमाणेच करते. रोज सकाळी पाण्याची खूण बघते. जेवढं पाणी उडालं असेल तेवढं आरओचं साधं पाणी टाकते, मिठाचं नाही. पहिल्या दिवशी मी मिठाचंच टाकणार होते. मग तुमचं वाक्य वाचलं, "वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं." मी बी.एस्सी. केमिस्ट्री, मला हे वाचावं लागू नये.

कोपऱ्यातून सांडणारं पाणी खालच्या टाकीत नीट पडतं, पांढऱ्या पिशवीतून गाळून पुढे जातं. फेस काढणाऱ्या नळीच्या पेल्यात चहाच्या रंगाचं पाणी जमतं, त्याला वास येतो. तो पेला दोन दिवसांआड धुते. मातीच्या कड्यांच्या पिशवीला तुम्ही सांगितल्याप्रमाणे हात लावलेला नाही. वीज जाते तेव्हा पंप इन्व्हर्टरवर चालतो. कधी कधी खरखर आवाज करतो.

रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, हे आईंना पटत नाही. "मासा नाही न काही नाही, कोनाले जेवू घालते वं?" म्हणतात. मी सांगितलं, ते खाणं सडलं की त्यातून अमोनिया होतो, तो विषारी असतो. तो खाणारे जिवाणू हळूहळू कड्यांवर आणि खडकांवर धरतात. ते पुरेसे झाले म्हणजे पाणी तयार झालं, मगच मासे. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून आले तर चिमूट आधीच टाकलेली होती. "त्याच्या नावानं टाकली," म्हणाल्या.

तपासणीत अमोनियाची बाटली गर्द हिरवी यायची, ती आता फिकट झाली आहे. नायट्राइटची मात्र जांभळी. म्हणजे अर्धं काम झालं. दोन्ही शून्यावर यायला अजून दोन आठवडे तरी लागतील.

आज कानबाईचा सण. आपल्याकडे दुःखामुळे यंदा नाही. मागच्या गल्लीत गाणी चालू आहेत, इथपर्यंत ऐकू येतात. डिंपलने विचारलं, नैवेद्याचे रोट का नाही केले. आईंनी तिला मांडीवर घेतलं आणि टाकीकडे बोट दाखवलं. "आपल्याकडं मासे येनार हायेत. तुह्या पप्पाचे मासे."

आता ती गोष्ट. आईंनी तुम्हाला फोनवर आपल्या दोघांच्या लग्नाचं विचारलं आणि तुम्ही "तुम्ही म्हणाल तसं" म्हणालात, ते मी भाकरी करता करता ऐकलं. मला काय वाटतं ते मी या पत्रात लिहिणार नाही. इथे काय ठरलं ते तेवढं कळवते. आबांचे चुलतभाऊ मोतीलालकाका येऊन गेले. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली तारीख म्हणतात, म्हणजे तुमचे दादा गेल्याच्या वर्षाच्या आत होईल. "समाजापुढं आदर्श होईन. पेपरात फोटो देऊ, दिरानं सांभाळलं म्हणून." आईंनी त्याच्याही आधीचं ठरवलं आहे. ज्या दिवशी टाकीत मासे सोडायचे, त्या दिवशी तुम्हाला बोलावायचं आणि साखर वाटायची. "टाकी योगराजची. त्यात जीव आला म्हंजे त्यानंच हो म्हनलं समजू."

त्यामुळे आता घरातले सगळे पाण्याची वाट बघतात. आबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन टाकीसमोर खुर्ची टाकतात आणि विचारतात, "झालं का वं पानी तयार?" मी म्हणते, "नाही आबा, अजून नाही." ते मान हलवतात. मला दुसरं काही विचारत नाहीत.

मला वाटतं, हे सगळं जुलैतल्या त्या चार दिवसांत सुरू झालं. दादांनी टाकी, मीठ, पंप सगळं जानेवारीतच आणून ठेवलेलं, त्यांची इच्छा पुरी करू म्हणून तुम्ही ती मांडायला आलात. आपण दोघं निळ्या ड्रममध्ये मीठ ढवळत होतो, वाकून पाइप जोडत होतो. दुसऱ्या दिवशी पंपाची नळी सुटली आणि आबांची टोपी भिजून त्यांच्या नाकावर आली, तेव्हा आपण हसलो. फेब्रुवारीनंतर मी पहिल्यांदा हसले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या दिवशी त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तुम्हाला भाऊजी म्हणायचं नाही, असं त्यांनी मला सांगितलं आहे. म्हणून मायना तसा राहिला.

पंपाचा आवाज वाढला तर काय करायचं ते कळवा. दादांची काळी बॅग, पोलिसांनी परत दिलेली, अजून कपाटावरच आहे. कोणी उघडलेली नाही. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

नूतन


रावेर,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

कुंदन यांस,
नमस्कार.

परवा पोळा झाला. बैल गेल्यापासून आपल्याकडे मातीचेच बैल पुजतात, यंदा डिंपलने त्यांना शिंगांना लावायचा रंग पोटालाही लावला. आबांच्या गुडघ्याला सूज आहे, तरी मळ्यात जातात. आई बऱ्या आहेत.

तुमचा फोन आला. पंप खोलून पाहिला, पंख्यात बारीक खडा अडकला होता. तो काढल्यावर आवाज गेला. त्याच फोनवर तुम्ही म्हणालात, "वहिनी, काळजी करू नका, मी आहे ना." आईंनी डोळ्याला पदर लावला. नंतर तुम्ही वहिनी म्हणालात त्यावर हसल्या. "सवय हाये, जाईन हळूहळू." आबाही हसले. मी भाजी ढवळत राहिले.

आता लिहिते ते वाचून झाल्यावर पत्र फाडून टाका.

पाणी पंधरा ऑगस्टलाच तयार झालं. डिंपल झेंडावंदनाला गेली होती, आबा मळ्यात होते, आई देवापाशी. मी दोन्ही बाटल्या तपासल्या. अमोनियाची पिवळी, नायट्राइटची आकाशी. दोन्ही शून्य. विश्वास बसेना म्हणून तीन वेळा तपासलं. मग बाटल्या मोरीत ओतल्या, विसळल्या आणि खोक्यात ठेवल्या. आबा आले, टोपी काढली आणि विचारलं, "झालं का वं पानी तयार?"

मी म्हटलं, "नाही आबा."

आज दहावा दिवस. रोज सकाळी तेच. या घरात आले त्याला आठ वर्षं झाली, मी कधी खोटं बोलले नव्हते. आता इतकं सहज जमतं की मलाच भीती वाटते. आबांना बाटलीच्या रंगातलं काही कळत नाही, मी सांगेन तेच ते खरं धरतात. खोटं बोलायला याहून सोपा माणूस नाही.

तुम्हाला वाटेल, सरळ सांगत का नाही. मी रोज ठरवते. तुम्ही गंधमुक्तीच्या दिवशी पुरुषांत बसला होतात, आत काय झालं ते तुम्हाला माहीत नसेल. बायका माझ्या बांगड्या काढायला आल्या तेव्हा आई माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "माह्या पोरीच्या हाताले कोनी हात लावायचा नाही," म्हणाल्या. ज्या बाईचा मुलगा जाऊन तेरा दिवस झाले होते, ती हे बोलली. कुंकूही पुसू दिलं नाही. मी आजारी पडले तर आबा स्वतः दूध गरम करून आणतात. ही माणसं वाईट असती तर मी केव्हाच बोलले असते.

मला कोणी कोंडून ठेवलेलं नाही. दार उघडं असतं. दुकानात जाते, डिंपलच्या शाळेत जाते. पण जिथे जाते तिथे बायका हात धरून म्हणतात, नशीब काढलंस, असे सासू-सासरे कोणाला मिळतात. भडगावचा माझा भाऊ अभिमन तर फोनवर रडला. "ताई, माझी काळजी मिटली." आईवडील नाहीत, त्याला माझी काळजी असणारच. मी कोणाकडे जाऊन सांगू की मला हे नको आहे? ऐकणाऱ्याला वाटेल हिच्या डोक्यात काहीतरी फिरलंय.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही नाही म्हणा. तुम्ही म्हणालात तर मुलाचं मन नाही, एवढंच होईल. आई चार दिवस जेवणार नाहीत, मग जेवतील. मी नाही म्हटलं तर त्याचा अर्थ मी चालले, आणि त्यांच्या योगराजची मुलगी घेऊन चालले, असा होईल.

तुमच्या मनात दुसरं कोणी आहे, हे मला माहीत आहे. दादांनी सांगितलं होतं. नाव इथे लिहीत नाही. तरी तुम्ही "तुम्ही म्हणाल तसं" म्हणालात. का म्हणालात, तेही मला कळतं असं वाटतं. अकरा फेब्रुवारीला ते तुमच्याकडे आले होते आणि परत येताना

इथे थांबते. आई हाक मारताहेत.

संध्याकाळ. पुन्हा बसले आहे. वरचं वाक्य पुरं करत नाही.

खडकांवर तपकिरी थर धरलाय. तुमच्या कागदावर लिहिलं आहे की नव्या टाकीत तो येतो आणि आपोआप जातो. आबांना तो अजिबात आवडत नाही. "एवढी घान दिसते, पानी कुठून तयार होईन?" म्हणतात. काल टॉर्च लावून खालच्या टाकीतल्या कड्या बघत होते. "पाह्य, ह्याच्यावर बी धरलं."

मी शनिवारी, तीस तारखेला, डिंपलला घेऊन दोन दिवस भडगावला जाते आहे. सोमवारी परत. आबांना सांगून जाईन की फक्त साधं पाणी टाका, बाकी कशाला हात लावू नका.

तुमच्या फोनची वाट पाहते. स्पीकरवर असेल तरी चालेल.

नूतन


रावेर,
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

चि. कुंदनभाऊजी यांस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी आबांनी तुम्हाला फोन केला आणि मासे गेले, शुक्रवारी येऊ नको, एवढंच सांगून ठेवला. बाकीचं इथलं कोणी सांगणार नाही, म्हणून मी लिहिते. या पत्रात मागे काही ठेवणार नाही.

सोमवारी दुपारी मी भडगावहून आले. दारात रांगोळी होती. आत आले तर टाकी इतकी लखलखीत की मी आधी ओळखलीच नाही. खडक पांढरेशुभ्र. काचेवर आईंनी कुंकवाची दोन बोटं लावलेली. आणि पाण्यात दोन केशरी मासे, अंगावर पांढरे पट्टे. जळगावच्या दुकानदाराने मुंबईहून मागवून दिलेली जोडी.

आबा खुर्चीतून उठले. गुडघा दुखत असताना पटकन उठले. "तुहं पानी काऊन तयार होत नव्हतं, ते सापडलं. फिल्टर चोंदेल व्हता."

"आबा, तुम्ही काय केलंत?"

"काय करतो आपन? ठिबकचा फिल्टर चोंदला की खोलतो, घासतो, उन्हात टाकतो. तीस वरसं तेच करू राह्यलो. तू केमिस्ट्रीवाली, पन फिल्टर आमच्या हातातला. एवढी घान धरेल व्हती त्या कड्याले, पानी साफ होईन कसं?"

त्यांनी शनिवारी दिवसभर बसून हे केलं होतं. कड्या, खडक, पिशवी, सगळं बाहेर काढून नळाखाली ब्रशने घासलं आणि रविवारी गच्चीवर उन्हात वाळवलं. जे पाणी सांडलं तेवढं नळाचं भरलं. त्यांच्या बोटांना खडकांचे ओरखडे होते. आई म्हणाल्या, "जेवले बी नाहीत. म्हने पोरगी येईपरेंत झालं पाह्यजे."

भाऊजी, ते माझ्यासाठी केलं होतं. मी रोज म्हणत होते पाणी तयार नाही, तर त्यांनी पाणी तयार करून दिलं. ज्या जिवाणूंसाठी आपण दीड महिना रिकाम्या टाकीला जेवू घातलं, ते सगळे घासून, धुऊन, उन्हात वाळवून गेले. मला हे तिथेच सांगता आलं असतं. पण मग ते म्हणाले असते, तयार नव्हतंच तर काय बिघडलं? आणि तयार होतं हे सांगायचं, तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. मी पाया पडले आणि डिंपलला घेऊन आत गेले.

आईंनी तुम्हाला फोन लावला तो त्याच संध्याकाळी. पितृपक्ष लागायच्या आत, शुक्रवारी साखर. तुम्ही "बरं" म्हणालात.

मंगळवारी शेजारपाजारचे आले. जो येईल तो चिमूटभर खाणं टाके. मोतीलालकाकांनी तर मूठच टाकली. "लग्नाचं जेवन समजा." मी संध्याकाळी तपासलं, बाटली हिरवी. मीठ कालवलं, आरओचं पाणी थेंब थेंब जमतं, जेवढं जमलं तेवढं पाणी बदललं. बुधवारी सकाळी बाटली आणखी गर्द. एक मासा कोपऱ्यात पाण्याच्या वर येऊन तोंड उघडायला लागला. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. घरातल्या कोणाला कळेना की एवढ्या स्वच्छ पाण्यात तो का गुदमरतोय. दुपारी तो गेला. दुसरा गुरुवारी.

दुसरा गेला तेव्हा आबांनी तो स्वतः जाळीने काढला आणि तळहातावर घेऊन बसले. मग म्हणाले, "त्याच्या नावानं दोन जीव आनले घरात. ते बी माह्या हातानं गेले."

हे मला ऐकवलं नाही. मी त्यांच्यापुढे खाली बसले.

"आबा, तुमच्या हातानं नाही गेले. पाणी पंधरा ऑगस्टलाच तयार झालं होतं. मी रोज खोटं सांगत होते. खरं सांगितलं असतं तर तुम्ही फिल्टर धुतलाच नसता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन वं?"

"मला साखर वाटायची नव्हती."

आई आतून आल्या, हात पिठाचे. "म्हंजे?"

"मला हे लग्न करायचं नाही, आई."

"काऊन? कुंदन वाईट हाये का?"

"नाही. तो चांगला आहे. तो माझा दीर आहे."

आई म्हणाल्या, "मंग इतके दिवस बोलली काऊन नाहीस? तोंड शिवेल व्हतं तुहं?"

तेव्हा मी उठले, स्टूल घेतलं आणि कपाटावरची काळी बॅग काढली. सात महिन्यांची धूळ होती. त्या दोघांसमोर उघडली. आत टॉवेल, पाण्याची बाटली, डिंपलसाठी घेतलेला चिक्कीचा पुडा, आणि एक पाकीट. पाकिटावर दादांच्या अक्षरात, "आईला दाखवणे. जेवण झाल्यावर."

पाकिटात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच त्यांच्या हातात दिलंत. सोनगीरच्या शीतलचा फोटो आणि माहितीचा कागद. मी आई-आबांना सगळं सांगितलं. मुलगी आपल्यातली नाही, आई ऐकणार नाहीत म्हणून तुम्ही दीड वर्ष घाबरत होतात. दादा मात्र मजेत होते. "आता डिंपलची काकू 'काय शे, कसं शे' विचारेल, बठ्ठं घर अहिराणी शिकेल," असं मला हसून सांगत होते.

आणि आता ते वाक्य, जे मागच्या पत्रात अर्धं सोडलं. ते मी त्या दोघांना सांगितलं, तेच तुम्हाला लिहिते.

दादा धुळ्याला रविवारी बसने येणार होते. मंगळवारी सकाळी मीच म्हटलं, रविवार कशाला, किती दिवस ते पोरगं ताटकळेल, आजच जा. बसच्या नादी लागू नका, मोटरसायकल काढा, म्हणजे रात्रीच्या आत परत याल. ते म्हणाले, एवढ्या लांब? मी म्हटलं, काय होतं? त्यांचा डबा मी भरून दिला. संध्याकाळी पारोळ्याच्या अलीकडून फोन आला तो पोलिसांचा.

तुम्हाला वाटतं, दादा तुमच्या कामासाठी आला आणि तुमच्या दारातून निघून गेला, म्हणून आता त्याचं घर तुम्ही उचलायचं. तुम्ही कधी बोलला नाहीत, पण जुलैत ड्रममध्ये मीठ ढवळताना तुम्ही म्हणाला होतात, "मी त्याला त्या दिवशी मुक्कामाला थांबवायला हवं होतं." तेव्हाच मला कळलं. तुम्ही बोलावलं नव्हतं, भाऊजी. मी पाठवलं होतं. ज्या घरातला मुलगा माझ्या सांगण्यावरून गेला, त्या घराला नाही म्हणायचं मला तोंड नव्हतं. म्हणून मी पाण्याच्या आड लपले. आणि त्यात आणखी दोन जीव गेले.

हे ओझं माझं आहे. ते तुम्ही लग्न करून उचलू शकत नाही, आणि मीही करून फेडू शकत नाही.

आईंनी माझ्या हातातून पाकीट घेतलं. फोटो बाहेर काढला नाही. पिठाच्या बोटाने वरच्या अक्षरांवरून हात फिरवला, "जेवण झाल्यावर" असं हळू वाचलं आणि पाकीट देवापाशी नेऊन ठेवलं. परत आल्या तेव्हा एकच विचारलं. "मंग आता तू जाशीन?"

मी म्हटलं, "माहीत नाही, आई. आज नाही."

त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. ताट वाढतात, माझ्या भाकरीवर तूप घालतात, बोलत नाहीत. मोतीलालकाकांना आबांनी काय सांगितलं माहीत नाही, पण ते शुक्रवारी आले आणि चहा न घेता गेले. गल्लीतल्या बायका आता हात धरत नाहीत. अभिमनचा फोन आला. तो पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला. मी घरातच आहे, त्याच खोलीत. दार अजून उघडंच आहे, आणि बाहेर जायची जागा आधीपेक्षा कमी झाली आहे.

शुक्रवारी आणि शनिवारी आबा टाकीसमोर बसलेच नाहीत. आज सकाळी चहाचा कप घेऊन आले, खुर्ची टाकली. मी खालच्या टाकीत धुतलेल्या कड्या पुन्हा लावत होते. त्यांनी विचारलं, "पुन्हा पह्यल्यापासून?"

"हो आबा."

"किती दिवस?"

"दीड महिना. कदाचित जास्त."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ती बाटली मले बी दाखवत जाय. कोनता रंग म्हंजे काय, ते सांग. उद्यापासून मी सोता पाह्यतो."

मी त्यांना दाखवली. पिवळा म्हणजे शून्य, हिरवा म्हणजे विष. त्यांनी बाटली चष्म्याजवळ धरली आणि उजेडाकडे फिरवली. "हिरवा," म्हणाले. मी म्हटलं, "हो, हिरवा." या घरात पंधरा ऑगस्टनंतर पहिल्यांदा एका माणसाने पाण्याचं विचारलं आणि दुसऱ्याने खरं सांगितलं. जाता जाता ते म्हणाले, "पोरीचा फोटो मी पाह्यला. आईले सांगू नको. बरी दिसते."

आजची खाण्याची चिमूट कोणीतरी टाकली होती. मी नाही, आबा नाही. डिंपलचा हात तिथवर पोचत नाही.

आता तुमचं काम. पितृपक्ष संपला की या, त्याआधी येऊ नका. पण फोन आजच करा. स्पीकरवरच असेल, मध्ये ठेवलेला असेल, आई ऐकत असतील. ते बरंच आहे. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला. शीतलचं नाव घेऊन बोला. "तुम्ही म्हणाल तसं" म्हणू नका. आई उत्तर देणार नाहीत, तरी फोन ठेवू नका. त्या तिथेच असतील. मीही तिथेच असेन, आणि या वेळी भाजी ढवळत उभी राहणार नाही.

पुढे माझं काय, ते मला अजून माहीत नाही. कळेल तेव्हा तुम्हाला कळवीन, आणि आधी या दोघांना.

वरचा मायना मी कोणाला न विचारता लिहिला आहे. तो आता बदलायचा नाही.

तुमची वहिनी,
नूतन योगराज